पास झाला तर रॉटरडॅम, नाहीतर बेदाणा

तासगाव तालुका, फेब्रुवारी महिना, सकाळचे साडेसात. दव वाळल्याशिवाय द्राक्षाच्या घडाला कात्री लावायची नाही, म्हणून बायका बांधावर चहा घेत बसल्यात आणि बागवाले काका नुसत्या चकरा मारतायत. काल रात्री मोबाईलवर लॅबचा रिपोर्ट आलाय. पास.

रिपोर्ट म्हणजे रेसिड्यूचा, मण्यात कुठलं औषध किती शिल्लक राहिलंय त्याचा. युरोपला जाणारा प्रत्येक प्लॉट ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, नोंदलेला असतो, २००६ पासूनची पद्धत आहे ही, त्यामुळं तिकडच्या दुकानातल्या डब्यावरनं थेट या बांधापर्यंत माग काढता येतो. चांगलंच आहे की, फक्त एक फवारणी चुकली तर तीही तुमच्याच नावावर.

२०१० साल इथं अजून कुणी विसरलेलं नाही. वेल नुसताच पळू नये, काडीत घड धरावा म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सीसीसी (क्लोरमेक्वाट, वेलाची वाढ रोखणारं औषध) मारायचे, वर्षानुवर्षं सगळेच मारायचे. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतंच आणि युरोपची मर्यादा होती किलोमागं ०.०५ मिलिग्रॅम, माल तिकडं पोचला आणि तिथं सापडलं, झालं, कंटेनर बंदरातच अडकले. शेतकऱ्याला नावं ठेवणारे तेव्हा बरेच निघाले. आता जे तपासायचंच कुणी सांगितलं नव्हतं ते त्यानं कसं पाळायचं होतं?

असो, काढणी बघा. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. मण्यावर ती पांढरट पावडर दिसते ना, बोट लागलं की पुसते, आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला ती तशीच पाहिजे असते, माल ताजा असल्याची खूण म्हणून. पॅकहाऊसमध्ये बारीक कात्रीनं एकेक बारका, तडकलेला मणी काढून टाकतात. साईज बघायची, गोडी बघायची, मग अर्ध्या किलोचे डबे, माल कुजू नये म्हणून बॉक्समध्ये गंधकाचा पॅड, प्रीकूलिंग, आणि थंड कंटेनर न्हावाशेवा बंदराकडं. सगळ्यात जास्त माल नेदरलँडला जातो, रॉटरडॅम तिकडचंच बंदर. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, म्हणजे दोन आठवडे वाढले, भाडंही वाढलं. तिकडं कुठं क्षेपणास्त्र पडतं आणि कवठेमहांकाळात व्यापारी दर पाडून मागतो!

आणि जो माल साईजला बसला नाही, किंवा रिपोर्टमध्ये अडकला? काही लोकल मार्केटला, बाकीचा बेदाण्याच्या शेडवर. पॅकहाऊसमध्ये कापून पडलेले मणीपण बरेचदा क्रेट भरून इकडंच येतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवायचे, सालीवरचं मेण सुटतं, मग जाळीच्या रॅकवर पसरायचे, ऊन थेट लागू द्यायचं नाही, वारा मात्र पाहिजे. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, पण शेडवर त्याबद्दल कुणी बोलत नाही, इथं बोलणं एकच, पाऊस येतोय का.

पंधरा दिवस कोरडे मिळाले की झालं. काकांचा कंटेनर तवर समुद्रातच असणार आणि इथं पहिला रॅक झाडायला आलेला असणार.