आंब्याखालचा होस्टा

रात्रीचे साडेदहा वाजलेत, गंगापूर रोडवरच्या आमच्या घराची मागची बाजू, पाऊस आत्ताच थांबलाय आणि टॉर्चच्या उजेडात पानावर हे जे चमचम करतंय ना, तो गोगलगायीचा शेंबूड आहे.

हा माझा होस्टा. म्हणजे होता. आंब्याखाली काही म्हणजे काही येत नव्हतं, त्यात नेटवर फोटो बघितले, सावलीत वाढतो, ही मोठ्ठी पानं, मग काय, मागवली हौसेने 3 रोपं. पहिल्याच पावसात बिनशंखाच्या गोगलगायींनी, शेतकरी शेंबी म्हणतात त्यांना, पानांची चाळण केली. हिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात, किसणीसारखे, त्याने ती पान खरवडते, त्यामुळे पातळ पान आधी संपतं.

सगळे होस्टे असे नसतात हे नंतर कळलं. हॅल्सियन, सम अँड सब्स्टन्स अशा जाड पानांच्या जातींच्या नादी गोगलगायी फारशा लागत नाहीत. हॅल्सियनचा तो निळसरपणा तर पानावरचा मेणाचा थर असतो, बोटाने घासलं की खाली हिरवं!

आणला हॅल्सियन. गोगलगायींनी सोडला त्याला, पण नाशिकने नाही सोडला. मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा हा, हिवाळ्यात कित्येक आठवडे साधारण 5 अंशांच्या आतली थंडी मिळाली तर पानं टाकून जमिनीत नीट झोपतो. आपल्या निफाडला पारा उतरतो तेवढा, पेपरात बातमी पण येते, पण दुपारी परत ऊन, झोप लागणार कशी बिचाऱ्याला. दरवर्षी पानं बारीक होत गेली.

आता त्याच जागी अ‍ॅस्पिडिस्ट्रा आहे, चामड्यासारखं पान, आणि बाजूला नेचे. कोलियस लावला होता, दोन रात्रींत साफ. स्नेक प्लांटचं पान जाड खरं, पण आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात कुजतो, म्हणून तो कुंडीत.

पाणी सकाळीच घालायचं, संध्याकाळी घातलं की रात्रभर ओल, म्हणजे यांची पंगतच. आणि हे गोणपाट, गुळाच्या पाण्यात बुडवून ठेवलंय, पहाटे उचललं की खाली सगळ्या गोळा झालेल्या, त्या मिठाच्या पाण्याच्या बादलीत. मीठ मातीत टाकू नका हां, झाडंच जातील. काल 17 निघाल्या.

एक हॅल्सियन अजून आहे कुंडीत. गरम हवेतले लोक त्याला थंडीत फ्रिजमध्ये ठेवतात म्हणे, डिसेंबरात करून बघणार आहे, फक्त भाजीच्या कप्प्यात जागा मागायची कशी ते ठरायचंय.