वाड्याला लागलेली नोकरी

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा आहे. दर्शनी सज्जा बघा : सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, वर केळफुलांची नक्षी. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो राहण्यासाठी बांधला. दोन लाख रुपये लागले म्हणतात. शनिवारवाड्यापेक्षा त्यांचा जीव इथे जास्त रमे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, धनी ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेले आणि वाड्याला नोकरी धरावी लागली.

१८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे नगरपालिकेची कचेरी आली, पोस्टही आलं. मधल्या काळात, १३ मे १८७९ ला, आगीत वाड्याची पूर्वेची बाजू जळाली. त्याच रात्री बुधवारवाडाही पेटला, तो पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागेसाठी मात्र पालिकेने आणि पुणेकरांनी पैसे उभे केले. वापरातली वास्तू होती, म्हणून कुणाला तरी तिची निकड होती, असं मला वाटतं.

कचेऱ्यांनी वाडे बिघडवले, हे आपण सहज बोलून जातो. बिघडवलेच, खोटं कशाला बोला! चौकात पत्र्याची शेड, कोरीव तुळईत ठोकलेला पंख्याचा हूक, सागवानावर ऑइलपेंटचे थरावर थर. पण रिकाम्या वाड्याची गत याहून वाईट. कौल सरकलं तर बघणारं कुणी नसतं. दोन पावसाळ्यांत पाणी भिंतीत मुरतं, वासे कुजतात आणि मग एक दिवस ‘धोकादायक इमारत’ अशी पाटी लागते.

खरा प्रश्न कचेरी कुठली, हा आहे. माडीची जमीन तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या, आणि त्यावर माती-चुना अशी असते. घरातल्या माणसांचा, झोपाळ्याचा भार ती आरामात पेलते. पण दस्तऐवजांनी ठासलेली लोखंडी कपाटं भिंतीला ओळीने लावली, की तुळई मधोमध झोल खाते. शिवाय नवी मोरी बांधली आणि तिचं पाणी खांबाखालच्या तळखड्याशी झिरपलं, तर खांब बुडापासून सडतो. वरून रंग मात्र चकचकीत!

म्हणून वाचनालय, प्रदर्शन, पोस्टाची खिडकी वाड्यात खुशाल असू द्या. रेकॉर्ड रूम तेवढी सिमेंटच्या इमारतीत हलवा.