बादली ओतायची कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. फरशी पुसून झाली की बादलीतलं पाणी आपण मोरीत ओततो आणि विसरून जातो. आज किरणोत्सारी, म्हणजे न दिसणारे घातक किरण सोडणारी, पूड पुसण्याबद्दल बोलायचंय. तिथे बादली ओतायला मोरीच नसते.

गोष्ट ब्राझीलमधल्या गोयानिया शहरातली, सप्टेंबर 1987 ची. एका दवाखान्याच्या सोडून दिलेल्या इमारतीत कॅन्सरवर किरणोपचार करायचं यंत्र तसंच पडून होतं. दोघांनी त्याचा भाग काढून नेला, तो पुढे भंगारवाल्याकडे गेला. आत सिझियम-137 या किरणोत्सारी पदार्थाची पूड होती, शंभर ग्रॅमसुद्धा नाही. अंधारात ती निळी चमकायची. भंगारवाल्यानं कौतुकानं नातेवाइकांना, ओळखीच्यांना चिमूट चिमूट दिली. कुणी ती अंगाला चोळली.

घरातली माणसं एकामागून एक आजारी पडताहेत हे त्याच्या बायकोनं पाहिलं. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण तिनं ताडलं की हे त्या चमकणाऱ्या वस्तूमुळेच. 28 तारखेला तिनं उरलेला भाग पिशवीत भरला, एका कामगाराला बरोबर घेतलं आणि बसनं जाऊन आरोग्य खात्याच्या डॉक्टरांपुढे ठेवला. मला विचाराल तर त्या शहरातली पहिली शास्त्रज्ञ तीच!

दुसऱ्या दिवशी एक भौतिकशास्त्रज्ञ किरणोत्सार मोजणारं उसनं यंत्र घेऊन तिकडे निघाला. अजून बराच लांब होता, तोच काटा टोकाला गेला. यंत्र कुठेही वळवा, काटा टोकालाच. त्याला वाटलं, यंत्र बिघडलं. माघारी गेला, दुसरं आणलं. त्याचंही तेच! तो पोचला तेव्हा अग्निशमन दलाचे लोक ती वस्तू उचलून नदीत टाकायच्या बेतात होते. नदीत, श्रोतेहो! त्यानं थांबवलं.

त्या बाई 23 ऑक्टोबरला गेल्या. त्यांची सहा वर्षांची पुतणीही त्याच दिवशी गेली. एकूण चौघे दगावले.

किरणोत्साराच्या धोक्याचं तीन पात्यांचं ते पिवळं-काळं चिन्ह शिकलेल्यांनाही चटकन कळत नाही. 2007 साली कवटी आणि पळणारा माणूस दाखवणारं लाल चिन्ह आलं. ते आपल्याकडे भंगाराच्या प्रत्येक वखारीत लावलं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारातूनच कोबाल्ट-60 हे असंच किरणोत्सारी द्रव्य निघालं आणि एक कामगार जिवानिशी गेला.

हां, तर सफाई. किरणोत्सारी पूड जाळून संपत नाही, धुऊन संपत नाही, ती फक्त जागा बदलते. गोयानियात वाऱ्यानं उडालेली पूड पावसाबरोबर छपरांवर उतरली होती, म्हणून छपरंही साफ करावी लागली. घरं आतून व्हॅक्यूमनं ओढली, भिंतींचा रंग खरवडला, फरशीला आम्ल आणि प्रशियन ब्लू लावला. हा चित्रकारांचा निळा रंग सिझियमला धरून ठेवतो. रुग्णांनाही तोच पोटात दिला. अंगणातली वरची माती खणून काढली. सात घरं तर पाडावीच लागली. स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं तपासली.

पुन्हा सांगतो, पूड फक्त जागा बदलते. शंभर ग्रॅमहून कमी पुडीपासून सुमारे 3500 घनमीटर कचरा झाला: माती, विटा, कपडे, भांडी. तो पिंपांत आणि पेट्यांत भरून शहराबाहेर आबादिया दे गोयास इथे नेला. सिझियमचा जोर निम्म्यावर यायला 30 वर्षं लागतात, पुन्हा निम्म्यावर यायला आणखी 30. ती बादली अजून तिथेच आहे.