इन्फिनिटी इंजिन : रंगवलेल्या जमिनीवरचे गेम

[दृश्य : 'बाल्डर्स गेट' हा संगणकावरचा गेम. वरून तिरकं दिसणारं एक गाव. सहा जणांची टोळी रस्त्याने चालत येते.]

पडद्यावरचा हा रस्ता, ही छपरं, ही झाडं बघा. यातली एकही वस्तू वेगळी नाही. सगळं मिळून एकच चित्र आहे, भलंमोठं. कॅमेरा वळत नाही, झुकत नाही. चित्रावरून नुसता सरकतो. घराची मागची बाजू तुम्हाला कधीच दिसणार नाही, कारण ती कुणी काढलेलीच नाही.

हे चित्र चालवणारं इंजिन, म्हणजे गेममागचा मूळ प्रोग्रॅम, ते इन्फिनिटी इंजिन. मालकी बायोवेअर या कंपनीची. १९९५ साली कॅनडातल्या एडमंटन शहरात ती सुरू झाली, आणि काढणाऱ्यांत रे म्युझिका, ग्रेग झेश्चुक आणि ऑगस्टीन यिप असे तीन डॉक्टर होते.

मजा अशी, की हे इंजिन रोल-प्लेइंग गेमसाठी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या गेमसाठी, लिहायला घेतलंच नव्हतं. बायोवेअर तेव्हा 'बॅटलग्राउंड इन्फिनिटी' नावाच्या लढाईच्या गेमचा नमुना बनवत होती. घड्याळ चालू, सगळे एकाच वेळी हलतायत, असा गेम. तो इंटरप्ले या अमेरिकन प्रकाशकाने पाहिला. त्यांच्या हातात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या रोल-प्लेइंग खेळावरून गेम काढण्याचे हक्क होते. त्या खेळाच्या नियमांवर 'बाल्डर्स गेट' करायचं ठरलं. नमुना बाजूला पडला, इंजिनच्या नावात 'इन्फिनिटी' तेवढं उरलं.

आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. टेबलावर प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट बघतो. फासा टाकायचा, बेरीज करायची, मग पुढचा गडी. इथे इंजिन तर थांबायलाच तयार नाही!

[दृश्य : चकमक. खेळ अचानक गोठतो. टोळीतल्या प्रत्येकाला एकेक हुकूम दिला जातो.]

तोड अशी निघाली : एक फेरी म्हणजे सहा सेकंद. प्रत्येक पात्राची फेरी ज्याची त्याची, स्वतंत्र चालणारी. फासे आतल्या आत पडत राहतात. आणि विचार करायला वेळ हवा असेल, तर स्पेसबार दाबा. सगळं जग जागच्या जागी थांबतं. कुणी पुढे व्हायचं, कुणी मागून बाण मारायचे, कुणी मंत्र टाकायचा ते ठरवा, पुन्हा स्पेसबार. लढाईच्या गेमचं इंजिन आणि टेबलावरचे नियम यांना सांधणारा हा टाका माझ्या मते या इंजिनाची सर्वांत मोठी कमाई आहे. चित्रं सुंदर आहेतच, पण नुसत्या चित्रांवर कुणी एवढा वेळ घालवला नसता.

अर्थात चित्रांची करामतही समजून घेण्यासारखी आहे. जुन्या संगीत नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखाच हा प्रकार, फक्त नट पडद्याच्या पुढे नाही, पडद्यावर चालतात. आधी त्रिमितीत देखावा उभा करायचा, त्याचं चित्र काढून घ्यायचं, मग चित्रकारांनी त्यावर हात फिरवायचा. तयार चित्राचे ६४ गुणिले ६४ पिक्सेलचे चौकोनी तुकडे करून साठवायचे. दार उघडलं की दाराजवळचे तुकडे तेवढे बदलतात. 'बाल्डर्स गेट' १९९८ च्या डिसेंबरात आला तो पाच सीडींवर, त्यात या चित्रांचा वाटा मोठा.

[दृश्य : तेच गाव, आता भडक रंगांच्या ठोकळ्यांत.]

याच चित्राखाली दुसरं, खेळाडूला न दिसणारं चित्र असतं. त्यातला रंग इंजिनला सांगतो, की इथे गवत आहे, इथे लाकूड, इथे पाणी, इथे भिंत. पाऊल कुठे पडू शकतं आणि पडलं तर आवाज कसा येईल, हे त्यावरून ठरतं. उजेडासाठी तिसरं चित्र : मशालीजवळ गेलात की पात्रावर तांबूस छटा चढते. जमीन सपाट चित्रच असते, पण ही चलाखी डोळ्यांना कळत नाही.

कळते ती अरुंद बोळात. सहा जण एकापाठोपाठ एक जायचे, तर एक अडतो, दुसरा त्याला धडकतो आणि तिसरा उलट्या वाटेने थेट शत्रूच्या घरात. वाट शोधणं ही या इंजिनाची कायमची दुखरी नस. वाट शोधायला किती कष्ट घ्यायचे, याचा आकडा वाढवायची सोय सेटिंगमध्ये होती. वाढवला तरी बोळ तो बोळच.

१९९९ साली इंटरप्लेच्याच ब्लॅक आइल स्टुडिओज या विभागाने याच इंजिनावर 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' केला, आणि लढाईपेक्षा बोलण्यावर भर दिला. त्यातला मजकूर सुमारे ८ लाख शब्दांचा असल्याचं सांगतात. २००० साली 'आइसविंड डेल' आणि 'बाल्डर्स गेट २', २००२ साली 'आइसविंड डेल २'. तोवर बायोवेअर ऑरोरा या त्रिमितीय इंजिनाकडे वळली होती. २००३ च्या अखेरीस ब्लॅक आइल बंद पडला.

इंजिनचा कोड कंपनीच्या कुलुपात. पण नियमांचे तक्ते साध्या मजकुराच्या फायलींत होते : कुठल्या पातळीला किती अनुभव लागतो, वगैरे. प्रत्येक संवादाला क्रमांक, आणि सगळे संवाद एकाच फायलीत. शिवाय 'ओव्हरराइड' नावाचं एक फोल्डर. त्यात ठेवलेली फाइल इंजिन मूळ फायलीच्या आधी वाचतं. कुलूप दाराला होतं, खिडकी उघडी होती! खेळाडूंनी फायलींची रचना उकलली, 'निअर इन्फिनिटी' आणि 'वायडू' ही साधनं लिहिली, नवे सोबती आणि नव्या मोहिमा घातल्या.

२०१२ मध्ये बीमडॉग कंपनीने पहिल्या 'बाल्डर्स गेट'ची सुधारित आवृत्ती काढली. या कंपनीचे ट्रेंट ऑस्टर हे बायोवेअरच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. मूळ कोड मिळाला, पण देखाव्यांची मूळ त्रिमितीय सामग्री हरवलेली निघाली. चित्रं नव्याने काढणं शक्य नव्हतं, त्यामुळे १९९८ चेच तुकडे आजच्या मोठ्या पडद्यावर ताणून दिसतात.

[दृश्य : फोनच्या पडद्यावर तेच गाव.]

आणि 'जेमआरबी' नावाचा एक मुक्त प्रकल्प आहे. त्यात इंजिनचा मूळ कोड अजिबात नाही. बाहेरून बघून, फायली वाचून, सगळं नव्याने लिहिलंय. तुमच्याकडे जुन्या सीडी असतील, तर त्यांवरच्या फायली तो लिनक्सवर चालवतो, अँड्रॉइड फोनवरही.