खोलीतलं मिशन

श्रोतेहो, नमस्कार.

निकाल लागले की कोल्हापुरात पोरांचा लोंढा सुरू होतो. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, आणि घाटाखालचे सावंतवाडी-कणकवलीचे. मध्यवर्ती बस स्थानकावर वडील गादीची वळकटी घेऊन उतरतात, मागून मुलगा दोन बॅगा ओढत येतो, आणि मग दिवसभर राजारामपुरीच्या गल्ल्यांतून ‘कॉट बेसिसवर खोली मिळेल’ अशी पाटी शोधणं चालतं. या लोंढ्यात डिसोझा, फर्नांडिस, लोबो अशी आडनावंही असतात. पोरगा घरात कोकणी बोलतो आणि मित्रांत ‘काय भावा’. आईनं बॅगेत चिवड्याच्या डब्याशेजारी रोझरी, म्हणजे जपमाळ, ठेवलेली असते. त्या रोझरीचं, म्हणजे शिकायला आलेल्या कॅथलिक पोरांच्या श्रद्धेचं, पुढं काय होतं, यावर आज बोलायचं आहे.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नाही. १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकारानं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं होत गेली. ख्रिस्ती मुलांसाठीही एक होतं. आज भाड्याच्या खोल्यांत हे सगळे समाज एकाच छपराखाली आलेत. खोलीत तीन कॉट. एकावर माळकरी घरातला, दुसऱ्यावर नमाज पढणारा, तिसऱ्यावर आमचा हा कॅथलिक. अलार्म तीन वेगवेगळ्या वेळी वाजतात, चार्जर मात्र एकच.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा झगा, बोटीचा प्रवास, शाळा-दवाखाने येतात. कोल्हापूरला हे चित्र जुनं आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथं आले. त्यांचं नाव सांगणारं वायल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात आहे. ते प्रॉटेस्टंट, मी कॅथलिक, तरी त्यांच्या घरातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढं तो अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं मोठं शिबिर भरलं होतं. रॉबर्टनं तिथं असा काही ध्यास घेतला, की शिबिर उठेपर्यंत शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनवर जायची तयारी लिहून दिली. त्यातून विद्यार्थी मिशनरींची एक प्रचंड चळवळ उभी राहिली, आणि तिच्या मुळाशी होता आपल्या कोल्हापुरात रांगलेला एक पोरगा.

शंभर सह्या ही मोठीच गोष्ट. पण त्या चळवळीत सही करणारे सगळेच काही बोटीत चढले नाहीत, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. विशीत माणूस दूरच्या देशासाठी जीव द्यायला एका पायावर तयार असतो. पहाटे नळाला पाणी आल्यावर पार्टनरची बादली भरून ठेवायला मात्र त्याच्या जिवावर येतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की कॉलेजातल्या कॅथलिक मुलाचं, मुलीचं मिशन त्या बादलीपाशी सुरू होतं.

हे माझ्या पदरचं नाही. १५२९ साली पॅरिसच्या सेंट बार्ब कॉलेजात एका खोलीत तिघे राहत होते. पीटर फेबर हा आल्प्सकडच्या मेंढपाळ घरातला, फ्रान्सिस झेविअर हा नवाराच्या सरदार घराण्यातला, आणि तिसरा इग्नेशियस, चाळिशीला टेकलेला, लढाईत पाय जायबंदी झालेला माजी सैनिक. फेबर इग्नेशियसला तत्त्वज्ञान शिकवायचा, कारण या वयात ॲरिस्टॉटल काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हता. झेविअर उड्या मारण्यात पटाईत, मानमरातबाची हौस असलेला. तो या लंगड्या म्हाताऱ्याची टर उडवायचा. इग्नेशियसनं काय केलं असेल? झेविअर शिकवायला लागला तेव्हा त्याच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, आणि पैशाची ओढाताण झाली तेव्हा हातभार लावला, असं सांगतात. झेविअरचं मन वळायला काही वर्षं गेली. १५ ऑगस्ट १५३४ ला मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी व्रत घेतलं, त्यात हे तिघंही होते. झेविअर ६ मे १५४२ ला गोव्याला पोचला.

तेच ओल्ड गोव्याचे सायब. ३ डिसेंबरच्या फेस्ताला घाटाखालची अर्धी गावं त्यांच्याकडे जातात. हा माणूस एका भाड्याच्या खोलीतून निघाला हे आपण विसरतो. भारतात आल्यावर १५४४ मधल्या एका पत्रात त्यांनी लिहिलंय, की पुष्कळदा वाटतं युरोपातल्या विद्यापीठांत जावं, विशेषतः पॅरिसला, आणि वेड्यासारखं ओरडून त्या विद्वानांना जागं करावं. दक्षिणेच्या किनाऱ्यावर बाप्तिस्मा देऊन देऊन हात भरून आलेला मिशनरी आठवण काढतोय ती विद्यापीठाची!

आता कोल्हापूरचं बोलू. राखेचा बुधवार आला की आमच्या पोरांची मोठी पंचाईत होते, कारण मेसमध्ये बुधवार म्हणजे मटणाचा वार. एका मेसमध्ये हे माझ्या समोर घडलंय. फार्मसीचा एक मुलगा सकाळी चर्चला जाऊन आलेला, कपाळावर राखेचा क्रूस तसाच. काकू वाढायला आल्या.

“तांबडा घालू का पांढरा?”

“आज साधी आमटीच द्या, काकू.”

“का रं? आणि ह्यो अंगारा कुठल्या देवाचा?”

“आमचा उपासाचा काळ सुरू झाला. ईस्टरपर्यंत.”

“ईस्टर म्हणजे? किती दिवस?”

“चाळीस.”

काकूंनी पळी तशीच धरली. “चाळीस दिवस मटण नाही? मग मेसच्या पैशाचं कसं करायचं, बाबा?”

“रोज नाही हो. आज, आणि मग दर शुक्रवारी. आजची माझी वाटी ह्याला द्या.” शेजारच्या पार्टनरनं लगेच वाटी पुढं केली, धर्माचा प्रश्न नंतर. रस्सा ओरपून झाल्यावर त्यानं विचारलं, राख कशाला? मुलगा म्हणाला, फादर राख लावताना म्हणतात, माणसा, तू माती आहेस आणि मातीला मिळणार आहेस. समोर बसलेला माळकरी घरातला मुलगा म्हणाला, आमचे आजोबा एकादशीला हेच सांगतात, फक्त जरा लांबवून.

दोन मिनिटांत विषय संपला आणि पोरं क्रिकेटवर गेली. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती माणसाला सांगितलंय, की तुझ्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यपणे आणि आदर राखून. त्या मुलाला हा उतारा माहीत होता की नाही, मी विचारलं नाही.

सगळे प्रश्न इतके चवदार नसतात. कधीतरी रात्री लाइट गेल्यावर पार्टनर विचारतोच, “तुम्ही लोकं धर्मांतर करता म्हणे?” मुलं गोरीमोरी होतात. व्हायचं कारण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, ७ डिसेंबर १९६५ ला मिशनकार्यावरचा आदेश काढला. त्यात कुणालाही जबरदस्तीनं, आमिषानं किंवा युक्त्या लढवून श्रद्धेकडे ओढायला सक्त मनाई आहे. त्याच दिवशी धर्मस्वातंत्र्याची घोषणाही मंजूर झाली. आपल्या संविधानाचं पंचविसावं कलम प्रत्येकाला आपला धर्म पाळायचा, सांगायचा हक्क देतं, तोही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. हे सगळं नीट वाचलेल्या मुलाला लपवाछपवी करावी लागत नाही. पोप बेनेडिक्ट २००७ मध्ये ब्राझीलला म्हणाले होते, की चर्च वाढतं ते आकर्षणानं. आता आकर्षण म्हटलं की काही उत्साही मंडळी गिटार आणि प्रोजेक्टर आणतात. आणू द्या, पण बादलीचंही बघा.

१८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानम नावाचा वीस वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी होता. वादसभेत तो चर्चची बाजू हिरिरीनं मांडायचा. एका विरोधकानं त्याला अडवलं: तुमच्या चर्चनं पूर्वी केलं असेल, आज तुम्ही काय करता? ओझानमला ते लागलं. मग त्यानं आणि त्याच्या एका मित्रानं थंडीसाठी साठवलेलं आपलं उरलेलं सरपण उचललं आणि एका गरीब घरी नेऊन टाकलं. गरिबांच्या घरात कसं जायचं, कसं बसायचं हे त्यांना सिस्टर रोझाली यांनी शिकवलं. त्या मूठभर पोरांच्या कामातून संत विन्सेंट डी पॉल सोसायटी झाली, जी आज जगभर पसरली आहे. मला त्या विरोधकाचेही आभार मानावेसे वाटतात.

याच सोसायटीत पुढं इटलीतल्या तुरीनचा पिअर जॉर्जो फ्रासाती आला. वडील ‘ला स्ताम्पा’ वृत्तपत्राचे मालक, बर्लिनला राजदूत. मुलगा शाळेत लॅटिनमध्ये नापास झालेला, मग खाणकामाच्या इंजिनीअरिंगला गेला, कारण त्याला खाणकामगारांत काम करायचं होतं. ट्रामचे पैसे कुणाला तरी देऊन टाकायचा आणि जेवायला उशीर नको म्हणून घरापर्यंत धावत यायचा. डोंगर चढायचा, मित्रांची थट्टा करायचा. १९२५ च्या जुलैत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पोलिओनं चार-पाच दिवसांत गेला. हात लुळा पडत असताना त्यानं कशीबशी चिठ्ठी खरडली: एका गरीब रुग्णाची इंजेक्शनं माझ्या खिशात आहेत, ती पोचवा. अंत्ययात्रेला शहरातले गरीब लोटले तेव्हा घरच्यांना कळलं, हा रोज कुठं जायचा ते. ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओ यांनी त्याला संत जाहीर केलं. एटीकेटी लागलेल्या आमच्या पोरांना हा संत फार जवळचा वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

कोल्हापुरात तसल्या चिठ्ठीला पत्ता शोधावा लागत नाही. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या आवारात रात्री खेड्यातून आलेले पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात. केसपेपर कुठं काढायचा, कुठल्या खिडकीवर जायचं, ब्लड बँक कुठल्या अंगाला आहे, हे सांगणारं माणूस त्यांना देवासारखं वाटतं. त्याला ना पैसा लागतो, ना परवानगीचं पत्र. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा कुणी कुणाची जात-धर्म विचारली नव्हती. चिखल काढायला सगळीच पोरं होती.

थोडं व्यवहाराचं. रविवारी परीक्षा असते, मग मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, काय, असं मुलं विचारतात. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. कोल्हापूर आता सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या विभागात, आहे, हा धर्मप्रांत २००५ मध्ये झाला. म्हणजे सावंतवाडीच्या मुलाचे बिशप इथंही तेच, परका म्हणून कोपऱ्यात उभं राहायची गरज नाही. आणि एकट्यानं सगळं करायला जाऊ नका. पाच-सहा जण आठवड्यातून एकदा भेटा. बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डिन यांनी तरुण कामगारांना एक साधी रीत दिली होती: पाहा, पारखा, करा. शुभवर्तमानाचा उतारा वाचायचा आणि मग विचारायचं, या आठवड्यात काय पाहिलं? वर्गातला एक जण चार दिवस आला नाही. का? मेसचं बिल थकलंय, म्हणून गावी गेलाय. आता काय करायचं? बिल भरायचं, आणि कुणी भरलं ते काकूंना सांगू द्यायचं नाही. प्रार्थनेनं सुरुवात करा, पण मीटिंग तासाभरात संपवा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी येणार नाही.

एक शेवटचं. बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. नव्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात माहीत नसतं. ती कुलूप बघून परत फिरतात आणि खोलीवर बिस्किटं खाऊन झोपतात. तुमच्या मजल्यावर असा कुणी असेल, कुठल्याही गावचा, कुठल्याही देवाचा, तर येत्या रविवारी जेवायला जाताना त्याचं दार वाजवा.

नमस्कार.