पंच-आउट: दोन पडदे, तीन बटणं आणि एक हिरवा सांगाडा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय एका जुन्या व्हिडिओ गेमबद्दल, आणि त्याची सुरुवात होते जास्तीच्या मागवलेल्या मालापासून.

१९८१ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीचा डाँकी काँग हा गेम तुफान चालला. पैसे टाकून खेळायच्या त्याच्या यंत्रांसाठी मॉनिटर मागवले गेले, आणि ते गरजेपेक्षा जास्तच मागवले गेले. आता उरलेल्या मॉनिटरचं करायचं काय? कंपनीतले एक अभियंते, गेन्यो ताकेदा, यांच्याकडे हे काम आलं: एका यंत्रात दोन-दोन मॉनिटर खपतील असा काहीतरी खेळ काढा. ताकेदा म्हणजे नवखा माणूस नव्हे. १९७५ साली व्हिडिओ टेपवरच्या घोड्यांच्या शर्यतींवर पैज लावायचं यंत्र त्यांनीच केलं होतं. त्यांनी एकावर एक असे दोन पडदे ठेवले आणि १९८४ साली बाजारात आला मुष्टियुद्धाचा खेळ, पंच-आउट.

वरच्या पडद्यावर दोन्ही मुष्टियोद्ध्यांची चित्रं, नावं, गुण, घड्याळ, म्हणजे स्टेडियममधल्या फलकासारखा सगळा थाट. खालच्या पडद्यावर प्रत्यक्ष मारामारी. समोरचा पैलवान भलामोठा, जवळजवळ पडदाभर. त्या काळी गेममधली माणसं म्हणजे चार ठिपक्यांची बाहुली. इथे मात्र समोरच्याचा जबडा, भुवया, वेडावून दाखवणं, सगळं दिसतं. हे चेहरे काढले होते शिगेरु मियामोतो यांनी, तेच डाँकी काँगवाले.

आता अडचण अशी, की तुमचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात, तुमच्याकडे पाठ करून उभा. तो भरीव काढला तर समोरचा झाकला जाणार. म्हणून तुमचा माणूस काढलाय नुसत्या हिरव्या रेषांचा, तारांच्या सांगाड्यासारखा, आरपार दिसणारा. माझ्या मते या गेममधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. कारण हा खेळ ठोसे मारण्याचा नाहीच मुळी. हा बघण्याचा खेळ आहे.

खेळायचं कसं ते सांगतो. हातात एक दांडा आणि तीन बटणं. एक बटण डाव्या ठोशाचं, एक उजव्या. दांडा वर ढकलून मारलात तर ठोसा तोंडावर, तसाच ठेवून मारलात तर पोटावर. दांडा डावी-उजवीकडे नेलात की तुमचा माणूस अंग चुकवतो. तिसरं बटण मोठं, ठळक, केओ म्हणजे नॉकआउटचं. पण ते कधीही दाबून चालत नाही. तुमचे ठोसे लागत गेले की एक पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की मगच ते जोरदार ठोसे निघतात. मध्येच एक फटका खाल्लात की पट्टी खाली. आणि हे सगळं एकाच फेरीत. तिच्यात समोरचा लोळला नाही तर तुम्ही हरलात. दोन्ही बटणं बेभान बडवणाऱ्याचे पैसे इथे झटकन संपतात. आधी समोरच्याचे डोळे चमकतात, मग हात सुटतो. त्या पापणीभराच्या वेळात बाजूला व्हायचं, त्याचा वार हवेत गेला की लगेच दोन द्यायचे.

प्रतिस्पर्धी सहा. पहिला फ्रान्सचा ग्लास जो, नावातच काचेचा, त्याला कोणीही पाडावं. पुढे पिस्टन हरिकेन, मग तुर्कस्तानचा बाल्ड बुल. पुढे घरच्या टीव्हीवर खेळायला निघालेल्या घरगुती आवृत्तीत हा लांब मागे जातो आणि बैलासारखा चाल करून येतो. बाजूला पळण्यापेक्षा नेमक्या क्षणी पोटात एक ठेवून दिली की तिथल्या तिथे आडवा. क्षण चुकला तर तुम्ही आडवे. त्यानंतर किड क्विक, पिझ्झा पास्ता आणि शेवटी मिस्टर सँडमन. त्यालाही हरवलंत तर किताब तुमचा, आणि मग तोच किताब राखायला पुन्हा लढायचं.

या यंत्राला आवाजही होता. कुठला ठोसा लागला हे समालोचक ओरडून सांगतो, पट्टी भरली की चेव चढवतो. आजच्या मानाने खरखरीत आवाज, पण तेव्हा यंत्र बोलतंय याचंच अप्रूप.

त्याच वर्षी पुढचा भाग आला, सुपर पंच-आउट. आणि तिथे आपल्याकडचा एक गडी अवतरला. नाव ग्रेट टायगर. १९८७ च्या घरगुती आवृत्तीत तर त्याचं गाव स्पष्ट लिहिलेलं आहे: बॉम्बे. आता मुंबईचा मुष्टियोद्धा म्हटल्यावर हा कोळीवाड्यातला असेल की लालबागचा, अशी कल्पना करू नका. डोक्याला फेटा, फेट्यात रत्न, आणि अंगात जादू. रत्न चमकलं की समजायचं, ठोसा येतोय. मध्येच गरगर फिरत अदृश्य होतो, प्रकट होतो, पाच वेळा वार करतो. ते पाचही अडवलेत की त्यालाच भोवळ येते, आणि मग एका टिचकीत खाली. परदेशी माणसाला हिंदुस्थान म्हटल्यावर जे सुचायचं तेच हे, जादूगार आणि वाघ. इतरांचीही गत वेगळी नाही. रशियन गड्याचं नाव चक्क व्होडकावरून ठेवलेलं, ते घरगुती आवृत्तीत बदलून सोडा केलं. चिडावं असं वाटतं खरं, पण खेळताना त्या रत्नावर डोळा ठेवावाच लागतो. २००९ साली निन्टेन्डोच्याच वी या घरगुती यंत्रासाठी नवा पंच-आउट निघाला, तेव्हा ग्रेट टायगर हिंदीत बोलू लागला आणि त्याच्या गावाचं नाव मुंबई झालं. तेवढी दखल त्यांनी घेतली.

घरगुती आवृत्तीत तो हिरवा सांगाडा मात्र गेला. घरच्या यंत्राची तेवढी ताकद नव्हती. मग निर्मात्यांनी नायकच बुटका केला, लिटल मॅक, म्हणजे त्याच्या डोक्यावरून समोरचा दिसेल. त्याच्यासमोर शेवटी उभा केला खराखुरा मुष्टियोद्धा, माइक टायसन. पहिल्या दीड मिनिटात त्याचा एकच अप्परकट बसला तरी मॅक जमिनीवर.

आणि श्रोतेहो, मघाशी मी म्हटलं की हा बघण्याचा खेळ आहे. अमेरिकेत गेम्स डन क्विक नावाचे धर्मादाय कार्यक्रम होतात, तिथे लोक गेम खेळून देणग्या जमवतात. त्यात एका खेळाडूने हीच घरगुती आवृत्ती डोळ्यांना पट्टी बांधून खेळून दाखवली. समोर कोण आहे आणि काय करतोय, हे तो फक्त आवाजावरून ओळखत होता. ठोशाआधीची हालचाल, पावलांची लय, सगळं कानाने टिपायचं आणि बोटांनी उत्तर द्यायचं. समोर भरलेलं सभागृह, पडद्याकडे बघत टाळ्या पिटणारं, आणि खेळणाऱ्यालाच काही दिसत नव्हतं.