दोन ठोके पुढे

मित्रहो,

आजचा विषय आडवाटेचा आहे. अमेरिकेत स्क्वेअर डान्स नावाचा समूहनाच आहे. त्या नाचात एक माणूस असा असतो, जो स्वतः नाचत नाही आणि हल्ली बहुधा वाद्यही वाजवत नाही. पण तो आला नाही तर दिवे बंद करून सगळ्यांना घरी जावं लागतं. त्याला कॉलर म्हणतात. बॉस्टनजवळ राहत असताना मी काही वर्षं हा नाच नाचलो, आणि नाचापेक्षा जास्त या माणसांच्या प्रेमात पडलो. माझ्या मते ते फार मोठ्या दर्जाचे कलावंत आहेत, आणि त्यांच्या देशाने त्यांना निवेदकापेक्षा वरची जागा कधी दिलेली नाही. मला हे मनापासून खटकतं, म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

आधी नाचाची मांडणी सांगतो. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना आत तोंड करून उभ्या राहतात. कॉलरकडे पाठ असते ती पहिली जोडी, तिच्या उजवीकडची दुसरी, आणि तसंच पुढे. पुरुषाच्या उजव्या हाताला त्याची जोडीदारीण आणि डाव्या हाताला शेजारच्या जोडीतली बाई, म्हणजे त्याची ‘कॉर्नर’. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कॉलर माइकवरून एकेक हालचाल पुकारतो आणि आठही जण ती करतात. क्लबात नाचणाऱ्यांना या हालचाली शिकून पाठ झालेल्या असतात. ‘मेनस्ट्रीम’ नावाच्या पायरीवर त्या साधारण ७० आहेत, आणि त्यापुढच्या ‘प्लस’मध्ये आणखी तीसेक. पण आज रात्री त्या कोणत्या क्रमाने येणार, हे नाचणाऱ्याला ठाऊक नसतं. पुष्कळदा कॉलरलाही नसतं.

संगीताची लय मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांची. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. चौकोनाला पूर्ण फेरी मारायची, तिला ‘प्रॉमिनाड’ म्हणतात, तर १६ पावलं लागतात. दुसऱ्या एखाद्या हालचालीला सहा, आणखी एखादीला दहा. आता गंमत बघा. नाचणाऱ्यांची पावलं थांबू द्यायची नसतील, तर चालू हालचालीचे शेवटचे दोन ठोके उरलेले असतानाच पुढचा हुकूम त्यांच्या कानात पडायला हवा. म्हणजे कॉलरचं तोंड सतत दोन ठोके पुढे असतं, डोळे समोरच्या क्षणावर असतात आणि डोकं त्याच्याही पुढच्या तीनचार हालचालींवर. उशीर झाला तर अख्खं सभागृह अडखळतं. घाई झाली तर लोक आधीची हालचाल अर्धवट टाकून पुढे धावतात. चांगल्या कॉलरच्या हाताखाली नाचताना यातलं काहीच जाणवत नाही. आपण नुसते चालत असतो आणि सगळं जिथल्या तिथे येतं. हे ‘जिथल्या तिथे’ किती कठीण आहे, ते जरा जवळून पाहू.

दहा मिनिटं आठ माणसांची सरमिसळ केल्यावर प्रत्येक पुरुष कुणाच्या तरी भलत्याच बाईशेजारी उभा असतो. अशा वेळी ‘अलेमांड लेफ्ट’ अशी हाक येते, म्हणजे डावा हात आपल्या कॉर्नरला द्या. त्या क्षणी चारही पुरुषांच्या समोर नेमकी आपापलीच कॉर्नर असावी लागते. असली की सभागृहात हमखास आरोळी उठते. आपल्याकडे गवई तान घेऊन दूर भटकतो आणि मग सगळ्यांना बरोबर घेऊन समेवर येतो, तसंच हे आहे. फरक एवढाच की इथे समेवर स्वर आणायचा नसून जिवंत माणसं आणायची असतात, आणि त्यांतला एखादा चुकून उजवीकडे वळू शकतो.

मग कॉलर हे करतो कसं? पूर्वी बहुतेक जण रचना लिहून, तोंडपाठ करून येत. पण पाठांतराला मर्यादा असते, आणि जुने नाचणारे दोन महिन्यांत तुमचं पाठांतर ओळखून पुढची हालचाल आधीच करून मोकळे होतात. म्हणून ‘साइट कॉलिंग’ आलं, म्हणजे डोळ्यांनी बघून पुकारणं. नाच सुरू होण्यापूर्वी कॉलर एका चौकोनातल्या दोन शेजारच्या जोड्या मनात टिपून ठेवतो: लाल सदरेवाल्याची बाई निळ्या झग्यातली, आणि त्याची कॉर्नर ती चष्मेवाली. मग आठही जणांना हवं तसं फिरवतो. परतायची वेळ झाली की त्या लाल सदऱ्यावर नजर ठेवून त्याला त्याच्या बाईशेजारी आणतो, मग दुसऱ्या जोडीला जुळवतो, आणि दोघांचा आपसातला क्रम बरोबर बसला की उरलेले चौघे आपोआप बसलेले असतात. हे सगळं बोलता बोलता, तालात, आवाजातलं हसू न सांडता करायचं. शिकाऊ कॉलर घरी जेवणाच्या टेबलावर आठ सोंगट्या किंवा छोट्या बाहुल्या मांडून तासन्‌तास हाच सराव करतात. यात उघड उघड गणित आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘टेक स्क्वेअर्स’ नावाचा क्लब १९६७ पासून चालू आहे आणि तिथली मुलं एका सत्रात प्लसपर्यंत मजल मारतात, यात मला काहीच नवल वाटत नाही.

संध्याकाळचा कार्यक्रम ‘टिप’ नावाच्या तुकड्यांत विभागलेला असतो. टिपचा पहिला भाग मी आत्ता सांगितला तो, आणि दुसरा गाण्याचा. त्याला ‘सिंगिंग कॉल’ म्हणतात. ६४ ठोक्यांचं एक कडवं, अशी सात कडवी. पहिलं, मधलं आणि शेवटचं सगळ्यांसाठी. उरलेल्या चारांत एकच रचना चार वेळा, दोनदा समोरासमोरच्या दोन जोड्यांनी सुरू करायची आणि दोनदा उरलेल्या दोन जोड्यांनी. दर वेळी पुरुषाला नवी जोडीदारीण मिळते आणि चौथ्यांदा स्वतःची परत येते. कॉलर गाण्याच्या ओळींच्या जागी हुकूम गातो आणि लोक १६ पावलांची फेरी मारत असताना मूळ गाण्याची ओळ मोकळ्या गळ्याने म्हणून घेतो. सारी मिळून साडेतीन मिनिटं. आवाज बरा असला तर लोक पैसे वसूल झाले म्हणतात, आणि आवाज खरंच सुंदर असला तर पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिथेच मिळतं.

आता ही माणसं आली कुठून? युरोपातून इंग्लिश कंट्री डान्स, फ्रेंच कोतियों आणि कॅड्रिल हे नाच अमेरिकेत आले. त्यांच्या आकृत्या नृत्यशिक्षकाकडे फी भरून शिकाव्या लागत. ज्यांना ते परवडत नसे, त्यांना वाजवतानाच कुणीतरी सांगणं भाग होतं. हे सांगणाऱ्या पहिल्यांमध्ये काळे फिडलवादक होते, त्यांतले कित्येक गुलामगिरीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लिखाणात ते वाजवता वाजवता हाका देत असल्याचे उल्लेख संशोधकांनी गोळा केले आहेत. पुढे हा नाच गोऱ्या, ग्रामीण अमेरिकेचं प्रतीक म्हणून मिरवला गेला आणि या वादकांपैकी बहुतेकांची नावं मागे पडली. हे मी मुद्दाम ठासून सांगतो आहे.

मिरवण्यात मोठा वाटा मोटारवाल्या हेन्री फोर्डचा. त्यांनी १९२३ साली मॅसॅच्युसेट्समधली ‘वेसाइड इन’ ही जुनी खाणावळ विकत घेतली. तिथे त्यांना बेंजामिन लव्हेट हे नृत्यशिक्षक भेटले. फोर्डनी त्यांना मिशिगनला नेलं, त्यांच्याकडून जुने नाच शिकवून घेतले, १९२६ साली त्यावर पुस्तक काढलं आणि पुढे डिअरबॉर्नमध्ये ‘लव्हेट हॉल’ बांधला. एखाद्या नृत्यशिक्षकाच्या वाट्याला असा आश्रय क्वचितच आला असेल. पण फोर्डचा हेतू निर्मळ नव्हता. त्यांना जॅझ नकोसा होता, आणि त्यामागे काळ्यांबद्दलचा व ज्यूंबद्दलचा त्यांचा द्वेष होता. लव्हेटचं काम चोख होतं, त्यामागचा पैसा मात्र विखारी होता. दोन्ही गोष्टी एकदमच सांगाव्या लागतात.

मला जास्त आदर वाटतो तो लॉइड शॉ यांचा. कोलोराडो स्प्रिंग्जजवळच्या शेयेन माउंटन शाळेचे ते प्रमुख. प्रेमाने सगळे त्यांना ‘पॅपी’ म्हणत. पश्चिमेकडच्या जुन्या कॉलरांकडे जाऊन त्यांच्या हाका त्यांनी उतरवून घेतल्या आणि १९३९ साली ‘काउबॉय डान्सेस’ हे पुस्तक लिहिलं. शाळेतल्या मुलामुलींचं पथक घेऊन ते देशभर फिरले. उन्हाळ्यात त्यांच्याकडे शिक्षक आणि कॉलर शिकायला येत. तिथून परत गेलेल्या प्रत्येकाने आपापल्या गावात वर्ग काढले. १९५८ साली शॉ वारले, तोवर त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी पुकारू लागले होते.

त्याच सुमारास तंत्रानेही हात दिला. ध्वनिवर्धक येण्याआधी कॉलरच्या फुप्फुसाएवढंच सभागृह असे; नाचणाऱ्यांच्या पायांच्या आवाजावर मात करून ओरडावं लागे. माइक आला आणि हजारांचा मेळावा शक्य झाला. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराच्या पंचाहत्तरीला भररस्त्यात सुमारे १५,००० लोक नाचले. त्यामागे बॉब ऑसगुड होते. ‘सेट्स इन ऑर्डर’ हे मासिक त्यांनी १९४८ पासून १९८५ पर्यंत चालवलं. मग तबकड्या आल्या: एका बाजूला गाण्यासकट हाका, दुसऱ्या बाजूला नुसतं संगीत. आता वादकांचा ताफा नको होता. वेग कमीजास्त करता येणारा रेकॉर्ड प्लेयर, दोन कर्णे, तबकड्यांची पेटी आणि मोटार, एवढ्यावर धंदा उभा राहिला.

या तबकड्यांनी जे नाव घराघरांत पोचवलं, ते टेक्सासातल्या ॲबिलीनच्या मार्शल फ्लिपो यांचं. १९५८ साली ‘ब्लू स्टार’ कंपनीने त्यांची ‘द ऑक्शनिअर’ ही तबकडी काढली. स्क्वेअर डान्सच्या दुनियेत तिच्याइतकी कुठलीच खपली नाही, असं मानतात. पण फ्लिपोंचं खरं आयुष्य रस्त्यावर गेलं. आज या गावी, उद्या दोनशे मैलांवर. मिसुरीतल्या ओझार्क तळ्याकाठी ‘कर्कवुड लॉज’ नावाचं विश्रामस्थान होतं. तिथे ते चाळीसहून जास्त हंगाम पुकारत राहिले. लोक वर्षाची रजा त्यांच्या तारखा बघून टाकत. २०१८ साली ९१ व्या वर्षी ते गेले.

फ्लिपोंसारखे पूर्णवेळ कॉलर थोडेच. बाकीचे दिवसा शिक्षक, टपाल खात्यात, कारखान्यात, आणि रात्री कॉलर. क्लबचा स्वतःचा कॉलर दर आठवड्याला नवशिक्यांना शिकवतो. फिरता कॉलर येऊन एक झगमगती रात्र देऊन जातो. मान फिरत्याला जास्त मिळतो, पण माझ्या मते नाच जगवला तो पहिल्याने. तेच ‘डावा हात’ सप्टेंबरात पुन्हा नव्याने, न चिडता सांगायचं, आणि साठीच्या माणसाला आपण मंद आहोत असं वाटू द्यायचं नाही, ही साधी गोष्ट नाही. दौऱ्यावर बहुतेकांच्या बायका बरोबर असत. तारखा ठरवणं, तबकड्या लावणं, दारात लोकांचं स्वागत करणं, हिशेब, सगळं त्या बघत. जाहिरातीवर नाव दोघांचं आणि माइक एकाचा, हा त्या काळचा रिवाज. बायकांनी स्वतः पुकारणं फार दिवस अपवादच राहिलं.

न्यू हॅम्पशरच्या राल्फ पेज यांचा रस्ता वेगळा. ते जुन्या न्यू इंग्लंडच्या वळणाचे, जिवंत वादकांबरोबर पुकारणारे. १९४९ पासून १९८४ पर्यंत ‘नॉर्दर्न जंकेट’ नावाचं लहानसं नियतकालिक त्यांनी काढलं. त्यात नाच, जुन्या चाली आणि अधूनमधून पाककृतीही असत. १९५६ साली ते जपानला गेले. तिथे स्क्वेअर डान्स आधीच रुजला होता, कारण युद्धानंतर अमेरिकन प्रशासनातले शिक्षण अधिकारी विनफिल्ड निब्लो यांनी नागासाकीत तो शिकवला होता. अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या शहरात माणसांना हात धरून चौकोनात उभं करणं, आणि त्यांनी उभं राहणं, यावर मला नीट बोलताही येत नाही. आजही जपानात, जर्मनीत, स्वीडनमध्ये हाका इंग्रजीतच दिल्या जातात. त्यामुळे ओसाकाचा नाचणारा डेन्व्हरच्या चौकोनात बिनधास्त उभा राहू शकतो.

हे शक्य झालं ते एका कटकटीतून. साठच्या दशकात जो तो कॉलर नव्या हालचाली शोधून काढू लागला. त्यांची संख्या काही हजारांवर गेली आणि दुसऱ्या गावी गेलेला नाचणारा गोंधळू लागला. तेव्हा कॉलर मंडळींनी एकत्र येऊन ‘कॉलरलॅब’ ही संघटना उभी केली; तिचं पहिलं अधिवेशन १९७४ साली सेंट लुइसला भरलं. कोणत्या पायरीवर कोणत्या हालचाली, हे तिने ठरवून दिलं. सोय झाली, पण नव्या माणसासमोर भिंतही उभी राहिली. क्लबात येऊन मोकळेपणी नाचायला आधी अख्खा हिवाळा शिकायचं, एवढा वेळ आजच्या तरुणाकडे कुठला? १९८२ साली अमेरिकेच्या संसदेने दोन वर्षांपुरता स्क्वेअर डान्सला राष्ट्रीय लोकनृत्याचा मान दिला, तरी सभागृहं रिकामी होत गेली. करोनाच्या काळात तर दारंच बंद झाली. काही कॉलर तेव्हा संगणकाच्या पडद्यावरून घरोघरच्या एकेका जोडीसाठी पुकारत बसले.

अलीकडे संघटनेने पन्नासेक हालचालींचा, बारा आठवड्यांत आटपणारा छोटा कार्यक्रम पुढे आणला आहे. मला तो पटतो. जुन्या लोकांना वाटतं यात कलेची खोली जाते. पण चांगला कॉलर त्या पन्नासांतूनच वर्षभर पुरेल इतकं नवं काढू शकतो, आणि ज्याला ते जमत नाही त्याला शंभर देऊनही उपयोग नाही.

नवे कॉलर कसे तयार होतात, ते सांगून थांबतो. पाचसहा दिवसांची निवासी शिबिरं भरतात. सकाळी संगीत आणि वेळेचा हिशेब, दुपारी टेबलावर सोंगट्या. आता संगणकाचे कार्यक्रमही आहेत. प्रत्येक हाकेनंतर आठ जण कुठे उभे असतील ते पडद्यावर दाखवतात. संध्याकाळी आसपासचे नाचणारे खास या शिकाऊंसाठी येतात, आणि प्रत्येकाला माइक मिळतो. पहिल्यांदा उभा राहणारा बहुधा समोरच्या चौकोनाकडे बघायचंच विसरतो आणि कागदाकडे बघतो. तेव्हा शिकवणारा मागून जाऊन तो कागद त्याच्या हातातून हलकेच काढून घेतो, आणि नाचणारे आपापल्या जागी हात धरून वाट बघत उभे राहतात.